शेवट माहीत असूनही : 'द डे ऑफ द जॅकल' आणि १९६३ चा फ्रान्स



फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल ९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या गावच्या घरी वारले. ऐंशी वर्षे पूर्ण व्हायला तेरा दिवस उरले होते. मृत्यू नैसर्गिक होता. त्यानंतर अडीच वर्षांनी, १९७३ मध्ये, 'द डे ऑफ द जॅकल' हा चित्रपट पडद्यावर आला. एक भाडोत्री मारेकरी २५ ऑगस्ट १९६३ रोजी पॅरिसमध्ये द गॉल यांना गोळी घालणार आहे, पोलीस त्याला अडवू शकतील का, असा त्याचा विषय. चित्रपटगृहात बसलेल्या प्रत्येकाला उत्तर आधीच ठाऊक होते. तरीही लोक १४३ मिनिटे खुर्चीच्या कडेवर बसून राहिले आणि पन्नास वर्षांनंतरही बसतात. हे कसे घडते, असा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायला हवा, कारण आपल्या अभ्यासातही शेवट नेहमीच आधी माहीत असतो.

या टिपणात चित्रपटाचा शेवट सांगितलेला आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांचे त्याने काही बिघडेल असे मला वाटत नाही. का, ते पुढे येईलच.

गोळ्या खऱ्या होत्या

आधी खरे काय घडले ते पाहू. अल्जीरियावर फ्रान्सचा ताबा १८३० पासून होता. भारतातल्या ब्रिटिश सत्तेशी तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवा. कायद्याच्या दृष्टीने उत्तर अल्जीरिया ही वसाहत नव्हती, तो फ्रान्सचाच भाग मानला जाई. तिथे सुमारे दहा लाख युरोपीय वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि सुमारे नव्वद लाख मुस्लिम अल्जीरियन जवळपास हक्कांविना राहत होते. १ नोव्हेंबर १९५४ रोजी स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले. भारतीय वाचकाला ही तारीख ओळखीची वाटेल, कारण पुदुच्चेरी आणि इतर फ्रेंच वसाहतींचा कारभार भारताकडे आला तो नेमका याच दिवशी. एका ठिकाणाहून फ्रान्स सह्या करून बाहेर पडला, दुसऱ्या ठिकाणी पुढची साडेसात वर्षे रक्त सांडत राहिला.

द गॉल १९५८ मध्ये सत्तेवर परतले ते लष्कराच्या आणि अल्जीरियातल्या युरोपीयांच्या जोरावर. हा माणूस अल्जीरिया हातचे जाऊ देणार नाही, असा त्यांचा विश्वास होता. सप्टेंबर १९५९ मध्ये द गॉल यांनी अल्जीरियाच्या स्वयंनिर्णयाची भाषा केली तेव्हा या लोकांना तो उघड विश्वासघात वाटला. १९५४ साली दिएन बिएन फूला हरून आलेले अधिकारी दुसरा पराभव पत्करायला तयार नव्हते, आणि हा तर त्यांच्या मते रणांगणावरचा पराभवही नव्हता. एप्रिल १९६१ मध्ये चार सेनापतींनी अल्जियर्समध्ये बंड केले. ते काही दिवसांत फसले. त्याआधीच माद्रिदमध्ये ओ.ए.एस. ही गुप्त सशस्त्र संघटना उभी राहिली होती. बॉम्बस्फोट, खून, बँकांवर दरोडे हे तिचे मार्ग. मार्च १९६२ मध्ये एव्हियाँ करार झाला, जुलैमध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि लाखो युरोपीय वंशाचे लोक बॅगा घेऊन मार्सेच्या बंदरात उतरले.

२२ ऑगस्ट १९६२ च्या संध्याकाळी पॅरिसजवळ पती-क्लामार येथे द गॉल यांच्या सित्रोएन गाडीवर हल्ला झाला. (फ्रेंच भारताचे कायदेशीर हस्तांतर पूर्ण झाले त्याला तेव्हा सहा दिवस झाले होते.) गाडीत पत्नी आणि जावई होते. शंभराहून अधिक गोळ्या सुटल्या, त्यांतल्या चौदा गाडीला लागल्या, टायर फुटले, चालकाने तशीच गाडी दामटली. कुणालाही इजा झाली नाही. कटाचा सूत्रधार लेफ्टनंट कर्नल बास्तियँ-तिरी हा हवाई दलातला अभियंता होता. त्याला ११ मार्च १९६३ रोजी गोळ्या घालून देहदंड देण्यात आला.

चित्रपटाची पहिली काही मिनिटे याच घटनेची आहेत, आणि त्यात भर फारशी नाही. हल्ला खरा, गाडी तशीच, फासे उलटे पडणेही खरे. नंतर कल्पित कथा सुरू होते, पण तिचा सांधा आपल्याला दिसत नाही. ओ.ए.एस.मध्ये पोलिसांचे खबरे घुसलेले आहेत, म्हणून तिचे हद्दपार नेते बाहेरचा, कोणत्याही कागदावर नाव नसलेला एक इंग्रज भाड्याने घेतात. मोबदला पाच लाख डॉलर. सांकेतिक नाव 'जॅकल', म्हणजे कोल्हा.

बातमीदाराची कादंबरी

मूळ कादंबरी फ्रेडरिक फोर्साइथची, १९७१ ची. तो १९६२-६३ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेचा पॅरिसमधला तरुण बातमीदार होता. द गॉल कुठे जातात यावर नजर ठेवणे हे त्याचे रोजचे काम. १९७० च्या सुरुवातीला, हातात पैसा नसताना, त्याने ही कादंबरी महिनाभरात लिहून काढली. अनेक प्रकाशकांनी ती परत केली. द गॉल तेव्हा हयात होते. जो माणूस जिवंत आहे त्याच्या खुनाच्या कटाची गोष्ट कोण वाचणार, ही त्यांची शंका. म्हणजे आपला आजचा प्रश्न प्रकाशकांना तेव्हाच पडला होता. त्यांनी उत्तर चुकीचे काढले एवढेच.

दिग्दर्शक फ्रेड झिनमन हा व्हिएन्नात वाढलेला ज्यू. १९२९ मध्ये अमेरिकेला गेल्याने तो वाचला, त्याचे आईवडील नाझींच्या संहारात मारले गेले. नोकरशाहीची यंत्रणा माणसाला कशी शोधून काढते, हा विषय त्याच्यासाठी पुस्तकी नव्हता, असे म्हणण्याचा मोह होतो. पण आपण त्याच्या कामावरच बोलू. १९५२ च्या 'हाय नून'मध्ये त्याने भिंतीवरच्या घड्याळांतून ताण निर्माण केला होता. इथेही घड्याळे आहेत, पण मोठा आवाज नाही. जॉर्ज दलर्युचे संगीत अगदी मोजके वापरलेले आहे. जिथे दुसरा दिग्दर्शक ढोल वाजवेल तिथे झिनमन पावलांचा आणि दाराच्या कडीचा आवाज ठेवतो. मारेकऱ्याच्या भूमिकेसाठी त्याने मोठा तारा टाळून त्या वेळी जगभर फारसा माहीत नसलेला एडवर्ड फॉक्स घेतला. जॅकल हा गर्दीत न दिसणारा माणूस असायला हवा, आणि प्रेक्षक ज्याला आधीच ओळखतो तो कधीच गर्दीत मिसळत नाही.

मग पकड कशात आहे?

आल्फ्रेड हिचकॉकचे मेजाखालच्या बॉम्बचे उदाहरण तुम्ही ऐकले असेल. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंद धक्का बसतो. तो ठेवलेला प्रेक्षकांना माहीत असेल, आणि मेजाभोवती बसलेल्यांना नसेल, तर पंधरा मिनिटे उत्कंठा टिकते. उदाहरण चांगले आहे, पण इथे अपुरे पडते. आपल्याला इथे बॉम्ब आहे हेही माहीत आहे आणि तो फुटणार नाही हेही माहीत आहे. नोएल कॅरल हे तत्त्वज्ञ याच कोड्याचा विचार करताना म्हणतात की निकाल ठाऊक असला तरी तो अनिश्चित आहे अशी कल्पना मनात धरून आपण पाहू शकतो, आणि भावना त्या कल्पनेला प्रतिसाद देतात. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला की तो बाहेर येणार नाही हे ऐकणाऱ्याला माहीत असते, तरी कथेकऱ्यापुढची मंडळी श्वास रोखतातच. पण हे स्पष्टीकरण कुठल्याही कथेला लागू होते. याच चित्रपटाची पकड इतकी का, ते त्यातून कळत नाही.

माझे उत्तर असे. इतिहासाने संरक्षण दिले आहे ते फक्त एका माणसाला. द गॉल जगले हे आपल्याला ठाऊक आहे. बाकी कुणाचेच काही ठाऊक नाही. खोटी कागदपत्रे करून देणारा आणि जास्त पैसे मागणारा छायाचित्रकार, हॉटेलात भेटलेली कोलेट ही श्रीमंत स्त्री, तुर्की हमामात ओळख झालेला पॅरिसचा गृहस्थ, दाराशी उभा असलेला शिपाई यांची नावे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. त्यांच्यासाठी निकाल पूर्ण उघडा आहे, आणि ते एकामागून एक मरतात. 'शेवटी काहीच घडत नाही' ही आपली खात्री या मृत्यूंपुढे टिकत नाही. मोठ्या माणसाचे काय झाले एवढ्यावरून एखादा कट फसला असे आपण लिहून मोकळे होतो. या लोकांच्या बाबतीत तो फसलेला नसतो.

एक दृश्य नीट पाहा. जॅकल दूरध्वनीवरून आपल्या माणसाशी बोलतो आणि त्याला कळते की पोलिसांना सुगावा लागला आहे. पुढे रस्त्याला फाटा आहे. एक पाटी इटलीकडे जाते, एक पॅरिसकडे. तो गाडी थांबवतो. संवाद नाही, संगीत नाही. आणि तो पॅरिसचा रस्ता धरतो. इथे आपण मारेकऱ्याच्या बाजूने नाही आहोत, पण तो परत गेला असता तर आपल्याला चुकल्यासारखे वाटले असते. काम पुरे व्हावे असे आपल्यातल्या कुणाला तरी वाटू लागलेले असते. झाडाला टांगलेल्या कलिंगडावर नेम धरून तो बंदुकीची दुर्बीण शांतपणे जुळवत असतो, एक एक स्क्रू फिरवत, तेव्हा आपणही त्याच्या बरोबर जुळवत असतो. मग स्फोटक गोळी सुटते आणि फळाच्या चिंधड्या होतात. ते फळ म्हणजे कुणाचे डोके आहे ते आपल्याला तेव्हा आठवते.

कागदाचे राज्य

आजच्या विद्यार्थ्याला या चित्रपटात सर्वांत अनोळखी वाटावी अशी गोष्ट बंदूक नाही, कागद आहे. उपायुक्त क्लॉद लेबेल (मायकेल लॉन्सडेल) हा थोडा स्थूल, सुरकुतलेल्या कपड्यांचा, कबुतरे पाळणारा अधिकारी. त्याच्याकडे संगणक नाही. हॉटेलांत उतरणाऱ्यांची नोंदणी कार्डे रोज गोळा करायची, मुख्यालयात आणायची, हाताने चाळायची. तोवर पाहुणा निघून गेलेला असतो. लंडनमध्ये पोलीस पासपोर्टचे अर्ज आणि मृत्यूच्या नोंदी शेजारी ठेवून नावे जुळवत बसतात. सगळा पाठलाग या उशिरावर उभा आहे. माहिती आहे, पण ती पोहोचायला काही तास लागतात आणि जॅकल त्या काही तासांत राहतो.

त्याची युक्तीही कागदाचीच आहे. तो गावच्या दफनभूमीत जाऊन लहानपणी वारलेल्या, पण आज आपल्याच वयाचा झाला असता अशा मुलाचे नाव शोधतो, त्याचा जन्मदाखला मागवतो आणि त्यावर खरा पासपोर्ट काढतो. जन्माची नोंद आणि मृत्यूची नोंद एकमेकींशी बोलत नाहीत, ही राज्ययंत्रणेतली फट त्याला सापडलेली आहे. ही फट कादंबरीतल्यापुरती नव्हती. ब्रिटनमध्ये या प्रकारच्या फसवणुकीला पुढे या कादंबरीवरूनच नाव पडले. ब्रिटिश पोलिसांच्या एका छुप्या पथकानेही आंदोलनांत घुसवलेल्या आपल्या माणसांना मृत मुलांची नावे दिली होती. २०१३ मध्ये ते उघड झाले तेव्हा त्या मुलांच्या पालकांना काय वाटले असेल याचा विचार करा. पथकात या पद्धतीला 'जॅकल रन' म्हणत.

लेबेलच्या बाबतीतही एक प्रसंग याच धाग्यातला आहे. मंत्र्यांच्या गुप्त बैठकीतली माहिती बाहेर जाते आहे. लेबेल एके रात्री ध्वनिफीत वाजवून दाखवतो आणि फितुरी कुणाच्या घरातून होते ते सर्वांना कळते. कुणाचा दूरध्वनी ऐकायचा ते तुम्हाला कसे कळले, असे विचारल्यावर तो सांगतो की कळले नव्हते, म्हणून सगळ्यांचेच ऐकले. प्रेक्षक इथे हसतात. १९७३ मध्ये अमेरिकेत वॉटरगेटची चौकशी चालू होती, तेव्हा ते हसू थोडे वेगळे असेल.

१९७३ च्या प्रेक्षकाविषयी आणखी एक गोष्ट. कथेतला खून ठरला आहे २५ ऑगस्ट १९६३ या तारखेला. त्यानंतर तीन महिने पुरे व्हायच्या आत, २२ नोव्हेंबरला, डॅलसमध्ये जॉन केनेडी यांची हत्या झाली, तीही उंच इमारतीच्या खिडकीतून रायफलने. म्हणजे पडद्यावरचा कट अशक्य कोटीतला नाही हे प्रेक्षकांच्या अनुभवाचा भाग होते. एका देशात जमले ते दुसऱ्यात का जमले नाही? चित्रपटाचे उत्तर जवळजवळ हास्यास्पद आहे. जॅकल म्हातारा, एका पायाचा युद्धसैनिक बनून, कुबडीत बंदूक लपवून, घेरा ओलांडतो. वरच्या खिडकीतून नेम धरतो. सहा फूट पाच इंच उंचीचे द गॉल पदक लावल्यावर फ्रेंच रीतीप्रमाणे सैनिकाच्या गालांचे चुंबन घ्यायला खाली वाकतात, आणि गोळी डोक्याच्या मागून जाते. यंत्रणा, कार्डे, दूरध्वनी, सगळे मिळून त्याला अडवू शकले नव्हते. लेबेल धावत वर पोहोचतो तो नंतर. पती-क्लामारलाही तसेच घडले होते. संधिप्रकाशात हल्ल्याचा इशारा वेळेवर दिसला नाही, असे सांगतात.

द गॉल वाचले ते वाचणारच होते, असे इतिहास मागून वाचताना वाटते. पुस्तकात ओळ एकच असते, हल्ला अयशस्वी झाला. झिनमन त्या ओळीच्या आत नेऊन बसवतो, जिथे ती ओळ अजून लिहिली गेलेली नाही.

जे पडद्यावर नाही

आता उलट बाजू. पुन्हा पाहताना मोजा, की या चित्रपटात किती अल्जीरियन माणसे बोलतात. संपूर्ण कथा अल्जीरियाच्या युद्धातून निघालेली आहे, आणि अल्जीरियन जवळपास कुठेच नाहीत. भांडण फ्रेंचांचे फ्रेंचांशी आहे. पोलीस सभ्य, थकलेले, कर्तव्यदक्ष आहेत. पण १७ ऑक्टोबर १९६१ रोजी, म्हणजे कथेच्या दोन वर्षे आधी, याच शहरात संचारबंदीविरुद्ध निघालेल्या अल्जीरियन मोर्चावर पॅरिस पोलीस तुटून पडले होते. अनेकांची प्रेते सीन नदीत फेकली गेली. अधिकृत आकडा अगदी थोडा होता, इतिहासकारांचे अंदाज त्याच्या कितीतरी पट आहेत. तेव्हाचे पोलीसप्रमुख मोरिस पापाँ १९६३ मध्येही त्याच खुर्चीवर होते. लेबेलचा साहेबाचा साहेब तोच ठरतो. चित्रपट हे सांगत नाही, कदाचित १९७३ मध्ये फ्रान्समध्ये चित्रीकरण करून ते सांगताही आले नसते. जिल्लो पोंटेकोर्वोच्या १९६६ च्या 'द बॅटल ऑफ अल्जियर्स'ला फ्रान्समध्ये काही वर्षे दाखवू दिले गेले नव्हते. शक्य असेल तर दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहा, आधी पोंटेकोर्वोचा.

कथेच्या चौकटीचे आकर्षण इतके, की ती पुढे अनेकांनी उचलली. मल्याळममध्ये १९८८ चा 'ऑगस्ट १' हा सिबी मलयिल यांचा चित्रपट आहे, मामूटी पोलीस अधिकारी आणि निशाण्यावर मुख्यमंत्री. तो चांगला वेगवान चित्रपट आहे. पण तिथला मुख्यमंत्री कल्पित आहे, त्यामुळे तो मरू शकतो. उत्कंठा आहे, ती साध्या जातीची.

मूळ चित्रपटात एक जागा मात्र अशी आहे जिथे न दाखवलेले युद्ध आत येते. ओ.ए.एस. नेत्यांचा अंगरक्षक वोलेन्स्की याला फ्रेंच हस्तक परदेशातून पळवून आणतात. (फेब्रुवारी १९६३ मध्ये कर्नल आर्गू या ओ.ए.एस. नेत्याला म्युनिकमधून असेच पळवून आणले होते.) त्याचा छळ होतो. छळाच्या या पद्धती अल्जियर्सच्या कोठड्यांत वापरून पक्क्या झाल्या होत्या, आणि तिथे त्या कुणावर वापरल्या ते तुम्हाला आता माहीत आहे. नंतर एका खोलीत टेबलावर ध्वनिमुद्रणयंत्र फिरत असते. कारकून किंकाळ्यांमधून शब्द वेगळे करतात, फीत मागे नेतात, पुन्हा ऐकतात, टंकलेखन करतात. एक शब्द लागत नाही. फीत पुन्हा मागे जाते. तो शब्द 'शाकाल' आहे, फ्रेंचमध्ये कोल्हा, आणि तिथून लेबेलची फाईल सुरू होते.